ड्रॉप आर्मवरचा लाल थेंब

वाशीला टोमॅटो उतरवून रिकामी गाडी घेऊन परत येत होतो. पडघ्याच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले असतील. चहा पिऊन आलो तर उजव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला, डांबरावर, रुपयाएवढे तीन डाग पडलेले. बोटाला लावून मोबाइलच्या उजेडात पाहिलं. पातळ आणि लालसर. इंजिन ऑइल काळं असतं, गिअर ऑइल घट्ट असतं आणि त्याला उग्र वास येतो, कूलंट पाण्यासारखं निघून जातं. माझ्या गाडीत लाल ऑइल एकाच ठिकाणी आहे, पॉवर स्टिअरिंगमध्ये.

टाकीचं झाकण उघडलं तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेलेलं. गाडीत अर्धा लिटरचा डबा असतो, तो ओतला आणि कसारा घाट चढून घरी आलो. वाटेत दोनदा थांबून पाहिलं. घाटात वळणावर चाक फिरवताना हाताला काही वेगळं लागलं नाही, पण पंपाचा बारीक कण्हल्यासारखा आवाज येत होता. तो आवाज गेले आठ-दहा दिवस येतच होता आणि मी तो फॅन बेल्टचा समजून सोडून दिला होता. आमच्या गाडीचा स्टिअरिंग पंप बेल्टवर नाही, इंजिनच्या गिअरवर फिरतो. म्हणजे बेल्ट कितीही आवळला तरी तो आवाज जाणार नव्हता.

गाडी 2007 ची, सहा टायरी, पासिंग एमएच 15. अण्णांनी नवी घेतली होती. त्याआधीच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नव्हतं. पिंपळगावच्या मार्केटमध्ये भरलेली गाडी गाळ्याला लावताना अण्णा उभे राहून, सगळं अंग टाकून ते भलंमोठं चाक ओढायचे, आणि क्लीनर शेजारून हात लावायचा. अण्णांचा उजवा खांदा आजही वर जात नाही. त्यामुळे आमच्या घरात पॉवर स्टिअरिंगला कोणी चैन म्हणत नाही. ते बिघडलं तर स्टिअरिंगचं चाक आणि टायर यांना जोडणारा दांडा तुटत नाही, गाडी वळते. पण नऊ टन माल पाठीवर घेऊन, घाटाच्या उतारावर, अचानक जड झालेलं चाक हातात आलं तर माणूस वळण चुकू शकतो. म्हणून गळतीकडे मी दुर्लक्ष करणार नव्हतोच.

दुसऱ्या दिवशी गाडी हायवेवरच्या एका गॅरेजला नेली. फिटरने खाली जाऊन टॉर्च मारला आणि मिनिटभरात सांगितलं, "ड्रॉप आर्मचं सील गेलंय." स्टिअरिंग बॉक्सच्या खालून जो जाड शाफ्ट बाहेर येतो, त्यावर ड्रॉप आर्म बसतो. तोच पुढे ड्रॅग लिंक नावाच्या दांड्याला ओढतो-ढकलतो आणि चाकं वळतात. त्या शाफ्टभोवती ऑइल सील असतं, ऑइल बाहेर येऊ न देणारं रबराचं कडं. जुन्या गाडीचं ते सील जातं हे खरं आहे. रस्त्याची धूळ, चिखल, खड्ड्यांचे धक्के सगळं त्याच जागी बसतं. मलाही ते पटलं, कारण ड्रॉप आर्म ऑइलने भिजलेला होता आणि थेंब नेमका त्याच्या टोकावरून पडत होता.

त्यांनी ड्रॉप आर्म काढला तो पुलर, म्हणजे ओढून काढायचं हत्यार, न लावता, घणाचे ठोके मारून. मी तिथेच उभा होतो आणि बोललोसुद्धा, पण "वर्षानुवर्षं असंच काढतो" असं उत्तर आलं. आज मी तिथे अडून बसलो असतो. बॉक्सच्या आत बॉल असलेला स्क्रू, दात असलेला पिस्टन आणि बेअरिंग आहेत. बाहेरून मारलेला घण शाफ्टमधून सरळ त्यांच्यावर जातो. शिवाय काढताना शाफ्ट आणि आर्म यांच्यावर छिन्नीने किंवा रंगाने खूण करायची असते. ती न केल्यामुळे आर्म एक दात सरकून बसला. गाडी सरळ चालली तरी स्टिअरिंगची दांडी तिरकी, आणि एका बाजूला वळण कमी. दुसऱ्या दिवशी परत जाऊन मी ते नीट बसवून घेतलं. सील, मजुरी आणि ऑइल धरून दोन हजार चारशे रुपये गेले.

बारा दिवसांनी तोच आर्म पुन्हा ओला झाला.

गॅरेजवाल्यांचं म्हणणं, सील डुप्लिकेट निघालं असेल, दुसरं टाकू. आणखी एकाने सांगितलं, शाफ्टवर घर पडलं असेल, म्हणजे झिजून खाच पडली असेल, बॉक्सच बदला. दुरुस्त केलेला बॉक्स पंधरा-वीस हजारांत मिळेल. आणि ढाब्यावर भेटलेल्या एका ओळखीच्या ड्रायव्हरने प्रेमाने सुचवलं की थोडं ब्रेक ऑइल टाकून बघ, सील फुगतं आणि गळती थांबते. हे शेवटचं मात्र कोणी करू नये, हे मी अगदी कळकळीने सांगतो. ब्रेक ऑइल वेगळ्या जातीचं असतं. स्टिअरिंगमधले रबर खनिज तेलासाठी बनवलेले असतात. ब्रेक ऑइलने ते फुगतात, मऊ पडतात, आणि मग एका सीलऐवजी सगळी सिस्टिम उघडावी लागते.

रविवारी भाडं नव्हतं. पुतण्या घरी होता, आयटीआयला मोटार मेकॅनिक करतोय. त्याला म्हटलं, चल, आज कोणाचं न ऐकता आपणच बघू ऑइल कुठून येतंय.

सगळ्यात आधी इंजिन ऑइलची कांडी पाहिली. याचं कारण आहे. पंप इंजिनच्या गिअरवर असेल आणि पंपाच्या शाफ्टचं सील गेलं, तर स्टिअरिंगचं ऑइल बाहेर न पडता इंजिनमध्ये उतरतं. जमिनीवर थेंब नाही, टाकी मात्र रिकामी, आणि इंजिन ऑइलची पातळी वाढलेली. अशा गाड्या मी पाहिल्यात. मालक दोन-दोन महिने स्टिअरिंग ऑइल ओतत राहतो आणि तिकडे इंजिनचं ऑइल पातळ होऊन बेअरिंग जातात. आमच्या कांडीवर पातळी जिथल्या तिथे होती, वासही नेहमीचा. म्हणजे जेवढं जातंय तेवढं बाहेरच पडतंय.

मग धुण्याचं काम. यातच सगळा सकाळचा वेळ गेला आणि तो जायलाच हवा होता. टाकीपासून पंप, पंपापासून बॉक्स, बॉक्सवरून खाली ड्रॉप आर्म, सगळं डिझेल आणि ब्रशने घासलं. पंधरा वर्षांचा तेलकट चिखल होता, काही ठिकाणी बोटभर जाड. पातीने खरवडून काढला. मग साबणाचं पाणी, मग कॉम्प्रेसरची हवा, मग कोरडं सुती फडकं. पाइप कोणता आणि चेसिस कोणती हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं. आधीच्या फिटरने टॉर्च मारला होता तो या चिखलावर मारला होता; ओल्या चिखलात ऑइल कुठून आलं ते कोणालाच दिसणार नाही.

सगळं खडखडीत वाळल्यावर घरातली टाल्कम पावडर आणली. फडक्यात बांधून पाइप, त्यांचे जोड, बॉक्सची झाकणं आणि ड्रॉप आर्मच्या सीलभोवती झटकली. पांढरा पातळ थर बसला. त्यावर ऑइलचा कण आला तरी गडद रेघ उमटते. खाली पुठ्ठा अंथरला.

पुतण्याला केबिनमध्ये बसवलं. मी खाली. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड. इंजिन चालू करून दहा मिनिटं तसंच ठेवलं. पावडर कोरडी. पुठ्ठा कोरडा. चाक मधोमध असताना पंप नुसता ऑइल फिरवत असतो, दाब फारसा नसतो. म्हणूनच उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून पाहणाऱ्याला ही गळती सापडत नाही.

मग ओरडून सांगितलं, "आता पूर्ण उजवीकडे घे, शेवटाला लावून धर, आणि पाच आकडे मोजून सोड." पाचच्या पुढे धरायचं नाही, कारण चाक शेवटाला टेकलं की पंपाचं ऑइल, दाब वाढला की उघडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमधून फिरत राहतं आणि फार पटकन तापतं. ट्रकच्या टायरमध्ये सात-आठ बार हवा असते. इथे चाक शेवटाला टेकल्यावर पंपापासून बॉक्सपर्यंतच्या प्रेशर पाइपमध्ये शंभर बारच्या वर दाब जातो. त्यामुळे तिथे हात फिरवून गळती शोधायची नाही. सुईएवढ्या भोकातून एवढ्या दाबाने निघालेलं ऑइल कातडी फोडून आत जातं. वर बारीक टोचल्याची खूण दिसते आणि आत बोट सडायला लागतं. असं झालं तर दुखो न दुखो, लगेच दवाखाना गाठायचा. मी हातभर लांबीच्या काडीला पुठ्ठ्याचा तुकडा बांधून तोच पाइपजवळून फिरवत होतो.

पहिल्या वेळी काही नाही. दुसऱ्या वेळी काही नाही. चौथ्यांदा पुतण्याने डावीकडे शेवटाला धरलं तेव्हा बॉक्सच्या वर, प्रेशर पाइपच्या लोखंडी टोपणाशी, जिथे रबर धातूत दाबून बसवलेलं असतं तिथे, पावडरवर केसासारखी लाल रेघ आली. चाक सोडलं की थांबली. पुन्हा धरलं की थोडी लांबली. थेंब टोपणावरून बॉक्सच्या पाठीवर उतरला, तिथून बॉक्सच्या कडेने सरकत खाली आला आणि शेवटी ड्रॉप आर्मवर जमला. त्या वाटेला मला मोजून सात मिनिटं लागलेली दिसली. ड्रॉप आर्मच्या सीलभोवतीची पावडर मात्र चारही बाजूंनी पांढरी. सील चांगलं होतं. कदाचित पहिलंही चांगलंच होतं.

पुतण्या खाली उतरून माझ्या शेजारी आडवा झाला आणि आम्ही दोघं ती रेघ बघत राहिलो. पुस्तकात त्याला बॉक्सकडे जाणारी प्रेशर लाइन, टाकीकडे परतणारी रिटर्न लाइन असं चित्र शिकवलंय. ते चित्र इथे डोळ्यांसमोर भिजत होतं.

पाइप काढायच्या आधी खाली ट्रे लावला, टाकी रिकामी केली. दोन्ही टोकांना बँजो बोल्ट, म्हणजे ऑइल जायला मधून पोकळ असलेले बोल्ट, आणि त्याच्या वर-खाली तांब्याचे वॉशर असतात. ते वॉशर एकदा आवळले की चेपून बसतात, म्हणून दरवेळी नवे टाकायचे. काढलेल्या तोंडांवर स्वच्छ प्लॅस्टिक बांधलं, कारण आत वाळूचा कण गेला तर पंपाच्या पात्यांना ओरखडे पडतात.

पाइप घेऊन नाशिकला अंबडला गेलो. जेसीबी, ट्रॅक्टरचे हायड्रॉलिक पाइप बनवून देणारं दुकान. तिथल्या कारागिराने पाहून विचारलं, "टोक कापून नवं टोपण दाबून देऊ का? स्वस्तात होईल." पाइप दोन-तीन इंच आखूड झाला तर ताणला जाईल, असं मला वाटत होतं. मी त्याला म्हटलं, आधी कापून आत बघू. त्याने टोपणापासून वीतभर अंतरावर कापला, आणि कारण तिथे दिसलं. बाहेरचं रबर एका जागी घासून कागदासारखं पातळ झालं होतं. त्याखाली तारेची जाळी गंजून तपकिरी, काही तारा तुटलेल्या. आतल्या नळीला नखाएवढी चीर. ऑइल त्या चिरेतून निघत होतं, पण बाहेरच्या रबराखालून, जाळीच्या तारांमधून वाट काढत टोपणापाशी येऊन बाहेर पडत होतं. म्हणजे ड्रॉप आर्मवर दिसणारं ऑइल टोपणावरून येत होतं आणि टोपणावरचं ऑइल वीतभर लांबून. नुसतं टोक बदलून आणलं असतं तर चीर तशीच राहिली असती, आणि एखाद्या दिवशी घाटात पाइप फुटला असता.

तो तुकडा मी घरी आणलाय, पुतण्याच्या टेबलावर आहे.

नवा पाइप दोन थर तारेचा, जुन्याच मापाचा आणि जुन्याच लांबीचा बनवून घेतला. लांबीबद्दल मी हट्ट धरला. इंजिन रबराच्या फाउंडेशनवर हलतं आणि बॉक्स चेसिसला पक्का असतो. मधल्या पाइपला थोडं सैल असावं लागतं. तेराशे पन्नास रुपये झाले. प्रेशर पाइपऐवजी साधा रबर पाइप आणि वर स्क्रूने आवळायची जुबली क्लिप लावून दिलेल्या गाड्या मी रस्त्यावर पाहिल्यात. रिटर्न लाइनला ते चालतं. प्रेशर लाइनला ते करणं म्हणजे ड्रायव्हरचा जीव टांगून ठेवणं.

पण पाइप घासला कशाला? परत येऊन पुन्हा गाडीखाली गेलो. चेसिसच्या आतल्या बाजूला एक भोक, त्यात बोल्ट नाही, आणि शेजारी धातू चकाकतोय, अंगठ्याएवढा डाग. तिथे पाइपला धरणारी पत्र्याची क्लिप असायला हवी होती, आत रबराचा पट्टा असलेली. मागच्या वर्षी क्लचचं काम झालं तेव्हा ती निघाली आणि परत बसली नाही. पाइप मोकळा झाला आणि इंजिनच्या थरथरीने चेसिसच्या कडेवर वर्षभर घासत राहिला. पिंपळगावात स्पेअरच्या दुकानात ती क्लिप पंचवीस रुपयांना मिळाली.

टाकीतला फिल्टरही बदलला. जुन्याच्या तळाशी काळा गाळ होता, बोटात चोळला तर मऊ, कण लागत नव्हते. कण लागले असते तर बॉक्स किंवा पंप आतून झिजतोय असं समजावं लागलं असतं.

हवा काढण्याचं काम आम्ही घाई न करता केलं. पुढचा एक्सल जॅकवर उचलला, खाली लाकडाचे गुटके दिले, म्हणजे भरवसा नुसत्या जॅकवर नको. टाकी भरली. इंजिन बंद ठेवूनच पुतण्याने चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू वीसेक वेळा फिरवलं, आणि मी टाकीत बुडबुडे बघत ऑइल घालत राहिलो. पातळी खाली जाऊन तोंड उघडं पडलं तर पुन्हा हवा ओढली जाते आणि सगळी मेहनत पहिल्यापासून. बुडबुडे थांबल्यावर इंजिन चालू करून तेच.

आणि इथे अडलं. इंजिन चालू केलं की टाकीत फेस. ताकासारखा, गुलाबी. बंद करून अर्धा तास थांबलो, फेस बसला, चालू केलं की परत. पंपाचा कण्हण्याचा आवाजही तसाच. पुतण्याचा चेहरा पडला. त्याला वाटलं नवा पाइपच खराब.

प्रेशरच्या बाजूने हवा आत येऊ शकत नाही. तिथे दाब बाहेरच्या दिशेने असतो. हवा येणार ती सक्शनच्या बाजूने, टाकीपासून पंपापर्यंतच्या जाड रबरी पाइपमधून, कारण पंप तिथून ओढतो. त्या पाइपला बाहेरून थेंब नव्हता. टाकीच्या नळीशी क्लिपखाली बोटाने दाबलं तर रबर लाकडासारखं कडक, आणि वाकवल्यावर बारीक भेगा उघडल्या. इंजिन बंद असताना किंचित ओलावा, चालू असताना हवा आत. इतके दिवस येणारा तो आवाज याचा होता. तेलाला चालणारा दीड फूट नवा पाइप आणि दोन क्लिप टाकल्या. या वेळी चालू केल्यावर फेस पाचेक मिनिटांत विरला, ऑइल काचेसारखं लाल दिसायला लागलं आणि पंप गप्प झाला.

टाकी वरच्या खुणेच्या थोडी खालीच ठेवली. काठोकाठ भरली तर गरम झाल्यावर ऑइल झाकणाच्या भोकातून उडतं आणि पुन्हा गळतीचा संशय येतो.

आठवडाभर रोज रात्री गाडीखाली पुठ्ठा टाकला. बुधवारी नऊ टन टोमॅटो भरून वाशीला गेलो. कसाऱ्याला उतरताना मुद्दाम गाण्यांचा आवाज बंद करून कान देऊन बसलो होतो. मार्केटमध्ये गाळ्याला गाडी लावताना सात-आठ वेळा चाक शेवटापर्यंत फिरवावं लागलं, एका हाताने फिरलं. माल उतरेपर्यंत खाली वाकून पाहिलं, बॉक्सच्या पाठीवर उरलेली पावडर पांढरीच होती.

घरी आलो तर अण्णा अंगणात पुठ्ठा उलटा-पालटा करून बघत होते. आम्ही काय काय केलं ते पुतण्याचं त्यांना सगळं सांगून झालं होतं. त्यांनी मला एकच विचारलं, "ती क्लिप बसवलीस का?"

मी टॉर्च दिला. ते गुडघ्यावर हात ठेवून, चाकाला धरून हळूच खाली वाकले, क्लिप पाहिली, डाव्या हाताने पाइप हलवून पाहिला. चेसिसपासून दोन बोटं लांब होता. मग टॉर्च माझ्या हातात देऊन म्हणाले, "डाव्या बाजूची ब्रेकची नळीपण अशीच मोकळी दिसतेय. उद्या बघ."